वाचकांचे प्रश्न: प्वेब्लो शाळांतला संगणक आणि आपल्या शाळेतली कुलूपबंद खोली

मागच्या अंकात एक छोटे टिपण छापले होते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या प्वेब्लो गावांच्या शाळांत पन्नासेक वर्षांपूर्वी दूरच्या संगणकाला जोडलेली यंत्रे बसवली गेली आणि मुले त्यांवर रोज दहाएक मिनिटे गणिते सोडवत, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून पत्रे आली. बहुतेकांनी विचारले प्वेब्लोंबद्दल, पण शेवटी आपल्या शाळेतल्या संगणकखोलीचा विषय काढलाच. त्यामुळे उत्तरेही दोन्हीकडची आहेत.

प्वेब्लो ही जमात की गाव? आणि त्या काळी तिथे कसला संगणक होता?
(निवृत्त शिक्षक, नंदगड)

दोन्ही. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ गाव. मातीच्या विटांची घरे बांधून वस्ती करणाऱ्या या लोकांना स्पॅनिश लोकांनी तेच नाव दिले. न्यू मेक्सिकोत आज 19 प्वेब्लो आहेत आणि प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र आहे. भाषाही एक नाही. केरेस, तिवा, तेवा, तोवा आणि झुनी अशा पाच आहेत, आणि त्यांतल्या काहींचा एकमेकींशी नातेसंबंधही नाही. इंटरनेटवर शोधताना एक काळजी घ्या: प्वेब्लो नावाचे मोठे शहर कोलोरॅडो राज्यात आहे, तिथल्या शाळांचा या विषयाशी संबंध नाही.

संगणक गावात नव्हताच. तो होता कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठात. पॅट्रिक सपीझ या प्राध्यापकांच्या गटाने 1963 पासून संगणकावर अंकगणिताचा सराव घेण्याचे काम सुरू केले होते. 1965 मध्ये जवळच्या एका शाळेतल्या चौथीच्या 41 मुलांना वर्गात ठेवलेल्या टेलिटाइपवर रोजचा सराव मिळू लागला. पुढे हाच कार्यक्रम टेलिफोनच्या तारांवरून मिसिसिपी, केंटकीसारख्या दूरच्या राज्यांत गेला आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अल्बुकर्कच्या दक्षिणेला असलेल्या इस्लेटा प्वेब्लोच्या शाळेत पोचला.

टेलिटाइप म्हणजे तारखात्यातले टंकयंत्रच समजा. पडदा नाही, कागदाचे भेंडोळे. त्या काळचे सर्रास वापरातले मॉडेल 33 सेकंदाला 10 अक्षरे छापायचे, एका ओळीत 72, आणि तीही फक्त मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरे. आवाज इतका की शेजारी शिकवणे अवघड. तारेत खरखर आली की कागदावर भलतीच अक्षरे उमटत, आणि तार तुटली की यंत्र नुसते टेबल. अशा यंत्रावर वाचन शिकवणे कठीणच. गणिताला शब्द कमी लागतात, म्हणून आमच्या मते गणितच आधी पोचले. घरी तिवा आणि शाळेत इंग्रजी अशा मुलांना 7 + 8 वाचायला भाषेची अडचण येत नाही.

रोज दहाच मिनिटे? तेवढ्यात यंत्र चालू होऊन मुले स्थिरस्थावर होतात तोवर तास संपतो. आम्ही आठवड्यातून एकदा 40 मिनिटे देतो, ते चांगले नाही का?
(शिक्षिका, येळ्ळूर परिसर)

नाही, बाई. आठवड्यातून एकदा 40 मिनिटे दिली तर पहिली दहा मिनिटे मागचे आठवण्यात आणि शेवटची दहा खेळात जातात. स्टॅनफर्डच्या सरावाचा पाया रोजची दहाएक मिनिटे हाच होता आणि तो जमायचा, कारण यंत्र सकाळीच चालू असे आणि मूल स्वतःचा क्रमांक व नाव टाइप करून थेट आपल्या पायरीवर बसे.

ही पायरी समजून घेण्यासारखी आहे. पूर्ण अंकगणित त्यांनी 14 धाग्यांत वाटले होते: संख्याज्ञान, आडवी बेरीज, उभी बेरीज, आडवी वजाबाकी, उभी वजाबाकी, समीकरणे, मापन, आडवा गुणाकार, उभा गुणाकार, गणिताचे नियम, भागाकार, अपूर्णांक, दशांश आणि ऋण संख्या. मूल प्रत्येक धाग्यात वेगळ्या पायरीवर असू शकते. बेरजेत चौथीचे, वजाबाकीत दुसरीचे, आणि यंत्र त्या त्या धाग्यातले त्या त्या पायरीचे गणित पुढे करते. कर्नाटकातल्या शिक्षकांना हे नवे वाटू नये. नलि कली या आपल्या प्राथमिक वर्गांतल्या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीची शिडी आणि कार्डे याच विचारावर चालतात, फक्त तिथे कार्ड मूल उचलते आणि इथे यंत्र देते.

यासाठी विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही. लिबरऑफिस कॅल्क हा तक्त्यांचा (स्प्रेडशीटचा) प्रोग्रॅम मोफत आहे आणि जुन्या यंत्रावरही चालते. एका धाग्याची एक फाइल आणि एका पायरीचे एक शीट करा. बेरजेच्या पायऱ्या अशा पाडता येतील: उत्तर 9 च्या आत, एकअंकी पण उत्तर 10 च्या पुढे, दोनअंकी अधिक एकअंकी बिनहातच्याची, तीच हातच्याची, दोन दोनअंकी बिनहातच्याची, तीच हातच्याची, मग तीनअंकी, मध्ये शून्य असलेली. वजाबाकीत शून्यावरून हातचा घेण्याची पायरी (403 − 178 सारखी) वेगळी ठेवा. बरीच मुले तिथेच अडतात आणि ती पायरी दुसऱ्या पायरीत मिसळली की नेमके काय अडले ते कळत नाही.

शीटवर 20 ओळी करा. पहिल्या रकान्यात एक संख्या, दुसऱ्यात दुसरी, तिसरा मुलाच्या उत्तरासाठी रिकामा आणि चौथ्यात तपासणीचे सूत्र: तिसरा रकाना रिकामा असेल तर काही दाखवू नको, उत्तर जुळले तर 'बरोबर', नाहीतर 'पुन्हा'. संख्या रँडबिटवीन (RANDBETWEEN) या दोन मर्यादांमधली कोणतीही संख्या देणाऱ्या सूत्राने पाडता येतात, पण बहुतेक जण इथेच फसतात. ते सूत्र शीटमध्ये कुठेही काही लिहिले की नव्याने चालते. मुलाने पहिले उत्तर टाकून एंटर दाबले की वीसच्या वीस गणिते बदलतात आणि नुकतेच लिहिलेले बरोबर उत्तर चुकीचे ठरते. उपाय दोन. संख्या पाडून झाल्यावर ते रकाने कॉपी करून पेस्ट स्पेशलने फक्त संख्या म्हणून परत चिकटवा. किंवा कॅल्कची आवृत्ती 7 किंवा पुढची असेल तर रँडबिटवीन पॉइंट एनव्ही (RANDBETWEEN.NV) हे सूत्र वापरा, ते आपोआप बदलत नाही.

त्यानंतर तिसऱ्या रकान्याच्या सेल फॉरमॅटमध्ये जाऊन 'प्रोटेक्टेड'ची खूण काढा आणि टूल्समधून शीट प्रोटेक्ट करा. मग मूल उत्तराशिवाय काही पुसू शकत नाही. उभ्या गणितासाठी वही जवळ हवीच. कागदावर आपण एककापासून उजवीकडून लिहितो, कीबोर्डच्या किल्ल्यांवर डावीकडून टाइप करतो. वही नसेल तर मूल हातचा डोक्यात सांभाळते आणि चुकते, आणि दोष वजाबाकीवर येतो.

पायरी बदलण्याचा आमचा ठोकताळा: 20 पैकी 18 बरोबर आले तर पुढे, 12 पेक्षा कमी तर मागे, मधे असेल तर तिथेच. लागोपाठ दोन दिवस मागे जावे लागले तर यंत्र बंद आणि मूल तुमच्याजवळ. 52 − 27 चे उत्तर 35 लिहिणारे मूल घाईत नाही. ते प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा करत आहे. अशा मुलाला आणखी वीस गणिते दिली तर चूक पक्की होते. तिथे काड्यांचे गठ्ठे काढून दशक सोडवून दाखवावे लागते, ते कॅल्क करणार नाही.

संस्थेने दिलेले सहा संगणक आहेत, चौथीत 38 मुले. वेळापत्रक कसे बसवायचे? आणि वीज जाते त्याचे काय?
(एसडीएमसी म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीचे सदस्य, खानापूर तालुका)

सहाही यंत्रे एका खोलीत ठेवून त्या खोलीला कुलूप लावणे हीच मोठी चूक असते. 38 मुलांना सहा यंत्रांवर दहा-दहा मिनिटे द्यायची तर सात तुकड्या होतात. 40 मिनिटांच्या तासात चारच बसतात. वर मुले नेणे-आणणे आहे.

तीन यंत्रे चौथीच्या वर्गातच मागच्या भिंतीला लावा, तीन पाचवीत. एका मुलाला बदलाबदलीसह 12 मिनिटे धरा. शिक्षक नवे शिकवत असताना कोणालाही उठवू नका. वह्यांत सराव चालू असतो त्या वेळात पाठवा. तो वेळ दिवसात साधारण दीड-दोन तास निघतो, म्हणजे प्रत्येक यंत्रावर आठ ते दहा मुले. उरलेली शाळा भरण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात आणि जेवणाच्या सुट्टीत. तीन यंत्रांवर 38 होतात, फार ओढाताण न करता. नावांची पाटी यंत्राशेजारी लावा आणि झालेल्या मुलाने आपल्या नावापुढे खूण करून पुढच्याला उठवावे. शिक्षकाने हाका मारत बसू नये.

आता विजेचा हिशेब. जुना डेस्कटॉप आणि एलसीडी पडदा मिळून साधारण 100 वॉट घेतो. सहांचे 600. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री 1800 वॉट-तास असतात, पण ती क्षमता 20 तासांत हळू रिकामी केली तर मिळणारी. 600 वॉटच्या भाराला बॅटरीतून 60 अँपिअरच्या वर प्रवाह ओढला जातो, तेव्हा क्षमता बरीच घटते. शिवाय बॅटरी टिकवायची तर अर्ध्याखाली उतरवू नये. म्हणजे हाती एक 40-45 मिनिटांचा तास. त्याच बॅटरीवर तीनच यंत्रे लावली तर दीड तासाच्या वर काम होते, कारण भार अर्धा झाला की वेळ दुपटीपेक्षा थोडा जास्तच वाढतो. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर कधीही लावू नका. तो गरम होताना क्षणात इतका भार घेतो की सगळी यंत्रे एकदम बंद पडतात.

शेतीपंपांची थ्री फेज सुरू झाली की गावात व्होल्टेज पडते. त्या वेळापत्रकाची माहिती वायरमनकडून घ्या आणि सकाळचा सराव त्याच्या बाहेर ठेवा. अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटरने 3 व्होल्टच्या वर दिसले किंवा सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर आधी अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या, मग मुले बसवा.

याचा खरोखर उपयोग होतो का, की पाहुण्यांना दाखवण्यापुरते?
(पालक, निपाणी)

उपयोग होतो, पण अटींसह. आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. गुजरातेत वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 2002 ते 2004 या काळात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोन मुले, असा गणिताचा सराव दिला आणि त्याची काटेकोर तपासणी झाली. पहिल्या वर्षी गणिताचे गुण 0.35 प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी 0.47 ने. शंभर मुलांच्या रांगेत अगदी मध्यावर उभे असलेले मूल पहिल्या वर्षीच्या वाढीने साधारण 14 जागा पुढे सरकते, एवढी ही वाढ. भाषेच्या गुणांवर परिणाम नाही. आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने यातले 0.1 च्या आसपासच उरले.

गुजरातेतच झालेल्या दुसऱ्या तपासणीत आणखी नेमकी गोष्ट दिसली. शिक्षकाच्या शिकवण्याच्या जागी संगणक बसवला तेव्हा मुले मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून दिला तेव्हा पुढे गेली, आणि कच्ची मुले जास्त पुढे गेली. वरच्या उत्तरात नवे शिकवताना मूल उठवू नका म्हटले ते यासाठीच. 'संगणक आहे, आता शिक्षक कमी चालतील' असे कोणी बैठकीत म्हणाले तर त्यांना हे आकडे दाखवा.

पावसाळी सुट्टीनंतर यंत्र चालू होत नाही, नुसता बीप येतो.
(शिक्षक, जांबोटी बाजू)

बहुधा रॅम (मेमरीची पट्टी). वायर काढा, बटण दोनदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, पत्रा उघडा, रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा पेन्सिलीच्या खोडरबराने पुसा, मऊ ब्रशने खाच साफ करा आणि दोन्ही बाजूंच्या कड्या टक् आवाज करून बसेपर्यंत दाबा. त्या ओल्या हवेत सांध्यांवर थर चढतोच. एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याचा) डबा मात्र उघडू नका. त्यातले कपॅसिटर वीज काढल्यावरही धक्का देतात. पाल शिरून तो जळला असेल तर बदलणेच स्वस्त.

तारीख मागच्या सालावर जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर 2032 बटण-बॅटरी संपली आहे. 3 व्होल्टची असते, 2.7 खाली मोजली की बदला. हे किरकोळ वाटते, पण तारीख चुकली की इंटरनेटवरची बरीच पाने सुरक्षेचा इशारा देऊन उघडत नाहीत आणि मुलांच्या सरावाच्या फाइलींचा क्रम बिघडतो. पावसाळ्यात यंत्रावर प्लॅस्टिक टाकू नका, आत दव धरते. सुती कापड टाका आणि वापर नसला तरी आठवड्यातून दोनदा तासभर यंत्र चालू ठेवा. सुट्टीतही कोणाकडे तरी किल्ली असू द्या.

प्वेब्लो लोकांनी आपली भाषा संगणकावर कशी आणली? आपल्याला मराठीसाठी त्यातून काय घेता येईल?
(वाचक मंडळ, बेळगाव)

काहींनी आणलीच नाही, आणि तसे ठरवून. हेमेझ प्वेब्लोत तोवा भाषा बोलली जाते, ती जगात दुसरीकडे कुठे बोलली जात नाही, आणि ती लिहिली जाऊ नये असा तिथल्या समाजाचाच नियम आहे. मग कीबोर्डवर ती आणण्याचा प्रश्नच उरत नाही. भाषा घरात आणि विधींत तोंडी शिकवायची, यंत्रावर गणित आणि इंग्रजी. याउलट लगूना प्वेब्लोच्या शिक्षण विभागाने 1995 मध्ये सुरू झालेल्या फोर डायरेक्शन्स या प्रकल्पाचे नेतृत्व केले. त्यात आदिवासी शाळांतल्या मुलांनी संग्रहालयातल्या वस्तूंची संगणकावर फिरवून पाहता येणारी दालने तयार केली. कोणती वस्तू सर्वांना दाखवायची आणि कोणती नाही, हे विचारल्याशिवाय असे काम पुढे जात नाही. 1975 च्या कायद्याने आदिवासी समाजांना आपल्या शाळा सरकारशी करार करून स्वतः चालवण्याची वाट मिळाली होती, म्हणून हे ठरवणे त्यांच्या हातात आले. 1970 च्या सुरुवातीचा टेलिटाइपवरचा सराव मात्र बाहेरून तयार होऊनच आला होता.

मराठीला लिहिण्याची आडकाठी नाही, तेव्हा आपला प्रश्न वेगळा आहे: सूचना कोणत्या भाषेत आणि आवाज कोणत्या भाषेत. मराठी माध्यमाच्या वर्गात कन्नड किंवा इंग्रजी आवाजाचे गणिताचे कार्यक्रम तसेच लावले जातात, तिथे एक खरी अडचण येते. सत्तावीस म्हणताना आपण एकक आधी बोलतो. कन्नडमध्ये इप्पत्तेळु, दशक आधी. इंग्रजीतही दशक आधी. दुसरीचे मूल ऐकून लिहिताना 72 लिहिते ते या उलटापालटीने. एकोणतीस ऐकून 39 लिहिणे ही त्याच जातीची चूक, कन्नड इप्पत्तोंबत्तुमध्ये ती होत नाही, कारण तिथे वीस आणि नऊच बोलले जातात. म्हणून दुसरी-तिसरीपर्यंत ऐकून लिहिण्याचा सराव एकाच भाषेत ठेवा, आणि दुसऱ्या भाषेतला सुरू केला की तो वेगळ्या शीटवर. दोन्हीचे गुण एकत्र करू नका. कन्नड अंकनावे मुलांना यायलाच हवीत, बाजारात रोजची गरज आहे. पण ती गणिताच्या पायरीत मिसळली तर मूल गणितात कच्चे आहे की कानात, हे कळत नाही.

आणखी एक खोड. कीबोर्डच्या काही मराठी मांडण्यांत (लेआउटमध्ये) वरच्या ओळीतून देवनागरी अंक उमटतात. कॅल्क बहुतेक वेळा त्यांना संख्या न मानता मजकूर मानते आणि बरोबर उत्तरही 'पुन्हा' ठरते. सरावाच्या वेळी मांडणी इंग्रजीवर ठेवा किंवा उजवीकडची अंकांची पट्टी वापरा.

जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आणि इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर 'दऱ्या'तला ऱ्य कसा काढायचा?
(टंकलेखन करणारी वाचक, उचगाव)

त्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असते, म्हणून तो फॉन्ट यंत्रावर नसला की खालचे इंग्रजी उघडे पडते. फॉन्ट मिळवून बसवा म्हणजे निदान वाचता येईल. कायमचे हवे असेल तर त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये बदला आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार डोळ्यांनी तपासा. बदल करताना ही दोनच चिन्हे जास्त करून जागा सोडतात, कारण ती टाइप होतात एकीकडे आणि दिसतात दुसरीकडे.

'दऱ्या'साठी: ओ या किल्लीवर द, मग शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, डी म्हणजे हलन्त, तिरकी रेघ म्हणजे य, आणि ई म्हणजे काना. साधा र (शिफ्टशिवाय जे) वापरला तर रफार वर जाऊन 'दर्या' होते.